चित्रातल्या आयांची नावं विचारा: संग्रहालयांच्या क्युरेटर मंडळींना खुलं पत्र

प्रति,
लंडन, बर्लिन, माद्रिद, कोलकाता, मुंबई आणि जिथे जिथे ईस्ट इंडिया कंपनीच्या आणि नंतरच्या इंग्रजी राज्यातल्या साहेबांची, मडमांची आणि त्यांच्या मुलांची चित्रं, फोटो जपून ठेवलेत, तिथल्या सगळ्या क्युरेटर मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

मी आर्ट हिस्टरी शिकलेली नाही हे आधीच सांगते. मी पुण्यात राहते, ३१ वर्षं मराठी शाळेत शिकवलं, आता रिटायर झाले आणि हाताशी वेळ आहे म्हणून नातीच्या टॅबवर तुमच्याकडची चित्रं मोठी करकरून बघत बसते. आणि चित्र मोठं करत करत मी दरवेळी एकाच ठिकाणी जाऊन थांबते, मुलाच्या कमरेभोवती असलेल्या हातापाशी. सावळा हात, त्यात बांगड्या, कधी कधी तर नुसती बोटंच दिसतात. त्या हातांबद्दल हे पत्र आहे.

आमच्या घरात एक फोटो आहे. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, मध्ये लंबगोल खिडकी कापलेली, स्टुडिओत करून देतात तसा. खिडकीत एक गोरं बाळ, वर्षाचं असेल, झालरीची टोपी, पायात विणलेले मोजे. बाळ ज्या मांडीवर बसलंय ती मांडी दिसते, नऊवारीचा काठ दिसतो, बाळाच्या पोटावर ठेवलेला डावा हात दिसतो, मनगटाच्या जरा वर गोंदणाचे पाच ठिपके आहेत तेसुद्धा भिंगातून स्पष्ट दिसतात. आणि हनुवटीच्या वर पुठ्ठा. चेहरा खिडकीच्या बाहेर राहिला. मागे पेन्सिलने बाळाचं लाडाचं नाव लिहिलंय आणि खाली 'किर्की, १९२६', किर्की म्हणजे आमची खडकी. तो हात माझ्या पणजीचा आहे. ती खडकीला एका साहेबाच्या बंगल्यावर आया होती, पणजोबा तिथल्याच दारूगोळ्याच्या फॅक्टरीत होते, आणि साहेबाची बदली होऊन ते कुटुंब विलायतेला गेलं तेव्हा मडमेने हा फोटो तिला आठवण म्हणून दिला. माझी आजी सांगायची की तो फोटो पणजीने शेवटपर्यंत पत्र्याच्या ट्रंकेत लुगड्यांच्या घडीत ठेवला होता, कुणाला फारसा दाखवायची नाही, पण त्या बाळाचा वाढदिवस मात्र तिच्या लक्षात असायचा.

आता तुमच्याकडच्या चित्रांकडे येते.

चित्राशेजारच्या पाटीवर तुम्ही 'आया' लिहिता. हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, त्यांच्याकडे मुलं सांभाळणाऱ्या बाईला तसं म्हणायचे, तिथून तो इंग्रजांनी उचलला. पण मराठीत तो आला तेव्हा इथे आधीच एक 'आया' होता, आईचं अनेकवचन. एक आई, चार आया. शाळा सुटायच्या वेळी गेटवर आया उभ्या असतात. त्यामुळे मी जेव्हा वाचते की चित्रात कर्नल, त्याचं कुटुंब आणि एक भारतीय आया आहे, तेव्हा माझ्या कानाला तो शब्द नोकरीचा लागतच नाही पटकन.

ते कर्नल ब्लेअरचं चित्र मी किती वेळा बघितलं असेल देव जाणे. योहान झोफनी या चित्रकाराने १७८६ साली काढलेलं, आता लंडनच्या टेट संग्रहालयाकडे आहे. झोफनी १७८३ ला कलकत्त्यात उतरला आणि १७८९ ला परत गेला, एवढ्या पाच-सहा वर्षांत त्याने कंपनीच्या मोठमोठ्या लोकांची घरंच्या घरं रंगवली. ब्लेअर कानपूरला होता. चित्रात नवराबायको हातात हात घेऊन बसलेत, मोठी मुलगी जेन पियानोवर आहे, मागच्या भिंतीवर फ्रेम केलेली इथली दृश्यं टांगलीत, त्यात सतीचं आहे, चरक पूजेचं (आपल्या बगाडासारखी) आहे, म्हणजे देश भिंतीवर आणि विलायत दिवाणखान्यात. आणि एका बाजूला धाकटी मारिया उभी आहे, तिच्याजवळ एक सावळी मुलगी, तिच्या हातात मांजर, मारिया त्या मांजराला कुरवाळतेय. चित्राच्या नावात 'भारतीय आया' आहे ती हीच मुलगी. पण हो, ती मुलगी आहे! तिचे खांदे बघा, गाल बघा, मारियापेक्षा फार तर दोन-चार वर्षांनी मोठी असेल. मी इतकी वर्षं त्याच वयाच्या पोरी वर्गात बघितल्यात, मला ते वय लांबूनसुद्धा कळतं. ती आयाची मुलगी असेल, माळ्याची असेल, मिसीबाबाला खेळायला सोबत म्हणून ठेवलेली असेल, आज कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. पण एका लहान मुलीला आपण अडीचशे वर्षं तिच्या कामाच्या नावाने हाक मारतोय, आणि शेजारच्या दोन मुलींची नावं मात्र आपल्याला पाठ आहेत, जेन आणि मारिया, हे मला फार लागतं.

बर्लिनमध्ये जोशुआ रेनॉल्ड्सचं जॉर्ज क्लाइव्हच्या कुटुंबाचं चित्र आहे, १७६५ च्या सुमाराचं. त्यात लहान मार्गारेटला हिंदुस्थानी कपडे घातलेत आणि तिची आया गुडघ्यावर बसून तिला आधार देतेय. बाप उभा, आई उभी, मूल मध्ये आणि आया गुडघ्यावर, म्हणजे तिची उंची मुलाएवढी होते. कोलकात्याला व्हिक्टोरिया मेमोरियलमध्ये वॉरन हेस्टिंग्ज आणि त्याच्या बायकोचं झोफनीने काढलेलं चित्र आहे, तिथेही मागे एक दासी मडमेची हॅट धरून उभी. चित्रकाराने या बायकांना वाईट नाही रंगवलं, उलट मला तर वाटतं झोफनी त्यांच्याकडे नीट बघायचा, चेहऱ्यावर काहीतरी विचार चाललेला दिसतो. ज्याला चेहरा इतका जमला त्याने नाव विचारलं असेलही. कुणी लिहून ठेवलं नाही.

आणि 'तेव्हा असली नावं लिहायची पद्धतच नव्हती' असं कुणी म्हटलं तर त्याचं उत्तर इम्पीच्या घरातच आहे. सर एलायजा इम्पी, कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टाचा पहिला सरन्यायाधीश. त्याच्या बायकोला पशुपक्ष्यांची हौस, तिने घरी प्राणिसंग्रह केला होता आणि शेख झैनुद्दीन, भवानी दास, राम दास या पाटण्याच्या चित्रकारांना बसवून त्या पक्ष्यांची चित्रं काढून घेतली. अप्रतिम काम आहे, एकेक पीस मोजून घ्यावं असं. त्या कागदांवर पक्ष्याचं नाव आहे फारसीत, चित्र कुणी काढलं त्याचं नाव आहे, तो पाटण्याचा आहे हे आहे, साल आहे, संग्रह कुणाचा ते आहे. म्हणजे त्या घरात नावं लिहायची शिस्त चांगली होती. त्याच इम्पीच्या कुटुंबाचं झोफनीने काढलेलं चित्र माद्रिदला आहे, वाजंत्री वाजवतायत, छोटी मेरियन इथल्या पोरींसारखे कपडे घालून नाचतेय, आईबाप कौतुकाने बघतायत, आणि आसपास नोकर, आया. पोर ते नाचायला शिकलं कुणाकडून? आईकडून तर नक्कीच नाही. ज्यांच्याकडून शिकलं त्या तिथेच चित्रात आहेत, पण त्यांच्यासाठी फारसीत काय किंवा इंग्रजीत काय, एक अक्षर नाही. पक्ष्याला नाव आहे हो.

ही चित्रं कशासाठी काढायचे हेही पाटीवर कुठेतरी यायला हवं असं मला वाटतं, कारण नुसतं 'ऐश्वर्याचं प्रदर्शन' म्हटलं की अर्धं राहून जातं. तेव्हा जहाज आफ्रिकेच्या टोकाला, केपला, वळसा घालून जायचं, पाच-सहा महिने लागायचे, आजीआजोबांनी नातवंड बघितलेलंच नसायचं, तेव्हा चित्र काढून पाठवायचं. आणि पाच-सात वर्षांचं पोर झालं की त्याला 'होम'ला पाठवायचं, इथल्या हवेत मुलं दगावतात, आणि त्याहून मोठी भीती म्हणजे ती नेटिव्हांसारखी बोलायला लागतात. मग मागे राहिलेल्या आईबापाकडे काय उरतं तर हस्तिदंतावर काढलेलं बोटभर चित्र, गळ्यात घालायचं. जॉन स्मार्टसारखा चित्रकार मद्रासला दहा वर्षं राहून हेच काम करत होता. तर या चित्रांमध्ये ताटातूट आहे, आणि ती ताटातूट आईबापाची जशी तशी आयाचीही होती. तिच्या गळ्यात काय होतं?

रुडयार्ड किपलिंग आमच्या मुंबईतला, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात ३० डिसेंबर १८६५ ला जन्मला, वडील तिथे शिकवायचे. म्हातारपणी त्याने लिहिलंय की लहानपणी तो विचार आणि स्वप्नं इथल्या बोलीत करायचा, आणि आया नि गडी त्याला कपडे घालून दिवाणखान्यात पाठवताना बजावायचे, आता पप्पा-मम्माशी इंग्रजीत बोल हं. मला हे वाचून भरून आलं होतं. आया कॅथलिक, त्या काळच्या बोलण्यात 'पोर्तुगीज', म्हणजे बहुतेक गोव्याकडची, ती रस्त्यातल्या क्रुसापाशी थांबून प्रार्थना करायची आणि हा शेजारी उभा राहायचा. गड्याचं नाव त्याला शेवटपर्यंत आठवलं, मीता. आयाचं नाव त्या आठवणीत नाही. १८७१ ला पाच वर्षांचा असताना त्याला आणि तीन वर्षांच्या बहिणीला इंग्लंडला साउथसीला अनोळखी लोकांच्या घरी पैसे देऊन ठेवलं, तिथे त्याचे फार हाल झाले, हे सगळीकडे लिहिलेलं आहे. मुंबईत राहिलेल्या त्या बाईचं त्या दिवशी काय झालं हे मात्र कुठेच नाही, दुसऱ्या दिवसापासून तिला पगार नव्हता एवढं आपण समजू शकतो.

आणि ज्यांची आईच इथली होती त्यांचं काय. हैदराबादचा रेसिडेंट, म्हणजे निजामाच्या दरबारातला इंग्रजांचा वकील, जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक आणि खैरुन्निसा बेगम यांची दोन मुलं, साहिब आलम आणि साहिब बेगम. १८०५ साली त्यांना विलायतेला पाठवायचं ठरलं, तेव्हा मद्रासला जॉर्ज चिनरी या चित्रकाराने त्यांचं चित्र काढलं. हैदराबादी दरबारी कपडे, मोठा भाऊ ताठ, समोर बघतोय, धाकटी जेमतेम तीन वर्षांची, तिच्या चेहऱ्यावर काहीतरी कळल्यासारखं आहे आणि नाहीही. मुलं गेली. त्याच वर्षी बाप कलकत्त्यात वारला. पुढच्या वर्षी लंडनमध्ये मुलांचा बाप्तिस्मा झाला, नावं बदलली, विल्यम जॉर्ज आणि कॅथरिन ऑरोरा. आईला ती परत कधी दिसली नाहीत, १८१३ ला ती गेली. पुढे कॅथरिन, म्हणजे किटी, मोठी झाल्यावर एका ओळखीच्या घरी अचानक भिंतीवर हे चित्र तिच्यासमोर आलं आणि ती रडली. नंतर तिने हैदराबादला आजीला पत्र लिहिलं, त्यात सांगितलंय की निरोपाच्या वेळी आई कुठे बसली होती, कशी रडत होती, लांब केस कसे ओढत होती, हे सगळं अजून डोळ्यासमोर आहे. तीन वर्षांच्या पोरीने ते पस्तीसेक वर्षं धरून ठेवलं होतं. या चित्राबद्दल आपल्याला एवढं माहीत आहे कारण त्या घराची पत्रं राहिली आणि कुणीतरी ती बसून वाचली. माझं म्हणणं एवढंच आहे की वाचायला बसा.

आता आमच्या पुण्याचं सांगते, कारण यात मीसुद्धा चुकलेय. चार्ल्स मॅलेट, पेशव्यांच्या दरबारातला इंग्रजांचा रेसिडेंट. त्याच्या ओळखीने जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यात आला, सवाई माधवराव, नाना फडणीस, महादजी शिंदे यांची चित्रं त्याने काढली, आपल्या मनात नानांचा जो चेहरा आहे तो त्याचीच देणगी. शनिवारवाड्यात चित्रं शिकवायची सोय झाली होती, गंगाराम तांबट तिथलाच, त्याचं नाव कागदोपत्री राहिलं म्हणून आज त्याची चित्रं जगभर त्याच्या नावाने ओळखतात. त्याच वेल्सने १७९२ साली अंबर कौर या बाईचं चित्र काढलं. मॅलेटची ती जोडीदारीण, तिच्यापासून त्याला तीन मुलं. पुढे मॅलेट विलायतेला परतला, १७९९ ला वेल्सच्याच मुलीशी, सुझानाशी, लग्न केलं, त्यांना आठ मुलगे झाले. त्यातला एक ह्यू पॉइंट्झ मॅलेट ठाण्याचा कलेक्टर झाला आणि १८५० साली माथेरानला पोहोचला. मी दरवर्षी शाळेची सहल माथेरानला न्यायचे आणि मुलांना सांगायचे, बाळांनो ह्यू मॅलेटने माथेरान शोधलं (जसे काही तिथले ठाकर-कातकरी तोवर कुठे दुसरीकडेच राहत होते). त्या मॅलेटला इथल्या आईच्या पोटची तीन सावत्र भावंडं होती, त्या आईचं नाव होतं, चित्र होतं, आणि ३१ वर्षांत मी ते नाव एकदाही वर्गात उच्चारलं नाही कारण मला ते माहीतच नव्हतं. माझ्या पुस्तकात नव्हतं. तुमच्या पाट्या बदलल्या की कधीतरी पुस्तकंही बदलतात, म्हणून तुम्हाला लिहितेय.

फोटोचा जमाना आला तसं हे आणखी वाढलं. चित्र मूठभरांनाच परवडायचं, स्टुडिओतला फोटो साध्या कॅप्टनलाही परवडायला लागला. लहान मूल कॅमेऱ्यापुढे हलायचं, म्हणून कुणीतरी धरून बसायला लागायचं, आईने धरलं तर आईचा फोटो, आयाने धरलं की मग कापाकापी. कुठे पुठ्ठ्याच्या खिडकीआड, कुठे अंधारात, कुठे नुसता पदर. तुमच्या अल्बमांमध्ये असे शेकड्यांनी असतील. मागे मी परदेशातल्या एका संग्रहालयाला ईमेल केला होता अशाच एका फोटोतल्या बाईबद्दल. उत्तर आलं, नम्र होतं, त्यात बाळाचं पूर्ण नाव, बापाचा हुद्दा, रेजिमेंट, बदल्यांची गावं, आणि बाई 'अनोळखी'. रेजिमेंट मी विचारलीच नव्हती.

या बायका नुसत्या बंगल्यावर राहिल्या नाहीत, बोटीवरूनही गेल्या. मुलांना सांभाळत इंग्लंडपर्यंत जायचं, तिथे पोचल्यावर काम संपलं, मग परत येणारं दुसरं कुटुंब मिळेपर्यंत थांबायचं. कित्येकींना तिथे वाऱ्यावर सोडलं. लंडनला आल्डगेटला आयांसाठी एक आश्रयघर होतं, १९०० साली ते हॅकनीला किंग एडवर्ड्स रोडवर २६ नंबरच्या घरात गेलं, २०२२ मध्ये त्या घरावर निळी स्मृतिपाटी लागली. ती पाटी लागली कारण लोकांनी मागणी लावून धरली. मिसेस परेरा नावाच्या एका आयाने भारत-इंग्लंड प्रवास ५४ वेळा केल्याची नोंद आहे. चोपन्न! आडनावावरून गोव्याकडची किंवा वसईकडची असावी असं मला आपलं वाटतं. जिने ५४ वेळा समुद्र ओलांडला तिचं नाव मिळतं, म्हणजे शोधलं की मिळतं.

आणि जातीचं बोलल्याशिवाय हे पुरं होणार नाही. साहेबाच्या घरात गोमांस शिजायचं, उष्टी-खरकटी काढायला लागायची, लहान मुलाचं हगणं-मुतणं करायला लागायचं, त्यामुळे उच्च म्हणवणाऱ्या जातीतल्या बायका या कामाला येत नसत. आल्या त्या गोव्याच्या ख्रिस्ती बायका, मुसलमान बायका, आणि आमच्या महार समाजातल्या बायका. बटलर, हमाल, घोडेवाले यातही आमची माणसं पुष्कळ. माझी पणजी ज्या गावची, तिथे तिला विहिरीवर चढायची बंदी होती, तिची सावली चालत नव्हती. आणि खडकीला तिच्या मांडीवर साहेबाचं पोर झोपायचं, तिच्या हातचं दूध प्यायचं, तिने भरवल्याशिवाय जेवायचं नाही. मला ते गोड करून सांगायचं नाहीये, पगार कमी होता, सुट्टी नव्हती, मडमेचा तोंडपट्टा असायचा, स्वतःची पोरं चाळीत शेजारणीवर टाकून ती दुसऱ्याचं पोर झोपवायची, माझ्या आजीने हे भोगलंय, ती म्हणायची माझी आई मला रात्रीचीच दिसायची. पण त्या हातांनी दोन दोन बाजूंचे नियम मोडले होते, आणि ते हात तुमच्या चित्रांत आहेत. पाटीवर 'नोकर' एवढं लिहून तुम्ही जेव्हा सोडून देता तेव्हा ही सगळी गोष्ट पुठ्ठ्याच्या खिडकीबाहेर जाते.

म्हणून मागणं. चित्रं काढून टाका, झाका असं मी मुळीच म्हणत नाहीये, कृपा करून काढू नका, आमच्या बायकांचे तेवढेच चेहरे कुठेतरी आहेत. पण पाटी बदला. जिथे नाव माहीत नाही तिथे तसं सरळ लिहा, 'हिचं नाव नोंदवलेलं नाही', आणि मग बाकीच्यांबद्दल लिहिता तसं तिच्याबद्दल दोन ओळी लिहा, वय काय दिसतं, अंगावर काय आहे, दागिने कुठल्या भागातले वाटतात, हाताने काय करतेय. लुगडं नेसायची पद्धत, नथ, वाक्या, जोडवी यावरून इथली कुठलीही म्हातारी बाई तुम्हाला सांगेल की ही कोकणातली की घाटावरची की तिकडची तेलंगणातली, फक्त तिला ते चित्र दाखवायला हवं. ब्रिटिश लायब्ररीत कंपनीचे कागद आहेत, साहेबांची मृत्युपत्रं आहेत, त्यात 'माझ्या मुलांच्या दाईला इतके रुपये' असं लिहून ठेवणारे होते, नोकर विलायतेला नेताना कंपनीकडे अनामत भरायला लागायची त्याचे कागद आहेत, बाप्तिस्म्याची रजिस्टरं आहेत. चित्रातल्या कुटुंबाचं मृत्युपत्र तुम्ही चित्र कुणाकडून कुणाकडे गेलं हे बघायला उघडताच ना, मग त्याच कागदात आणखी खाली वाचा. आणि तुमच्या कॅटलॉगमध्ये या बायकांना शोधायची सोय करा, आज मला एखादी आया शोधायची तर आधी साहेबाचं आडनाव माहीत असावं लागतं, हे उलटं आहे.

मुंबई-कोलकात्याच्या मंडळींना जरा जास्तच हक्काने सांगते. आपल्याकडे तरी पाटी मराठीत, बंगालीत, हिंदीत पूर्ण लावा, इंग्रजीत सहा ओळी आणि मराठीत फक्त चित्राचं नाव असं नको. आणि एखादा रविवार ठेवा की ज्या दिवशी खडकी, देवळाली, कुलाबा, महू, बेळगाव अशा छावण्यांच्या गावातल्या लोकांनी घरातले जुने फोटो घेऊन यावं, सर्टिफिकिटं घेऊन यावं. हो, सर्टिफिकिटं! साहेब जाताना चिठ्ठी लिहून द्यायचा, ही बाई प्रामाणिक आहे, मुलांवर माया करते, अमुक वर्षं होती. आमच्यासारख्या कितीतरी घरांत त्या चिठ्ठ्या अजून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेल्या आहेत. तिच्यावर बाईचं नाव असतं. तुमच्याकडे चेहरे आहेत आणि नावं नाहीत, आमच्याकडे नावं आहेत आणि चेहरे नाहीत.

माझ्या पणजीचंही तसंच आहे. तिचं नाव आमच्याकडे आहे, घरातल्या मोठ्यांना विचारून ते मी तुमच्यापैकी जो कुणी उत्तर देईल त्याला कळवीन. तिचा चेहरा आमच्यात आता कुणालाही आठवत नाही, तो माहीत असलेली शेवटची माझी आजी होती, ती २००४ ला गेली. पण स्टुडिओवाले एकाच काचेच्या निगेटिव्हवरून दोन-चार प्रती काढायचे, एक इथे राहिली तर बाकीच्या त्या कुटुंबाबरोबर गेल्या असणार, आणि सगळ्याच काही त्या लंबगोल खिडकीत बसवल्या नसतील. कुणाच्या तरी माळ्यावरून, कुणाच्या तरी वारसाकडून असा एखादा अल्बम तुमच्याकडे आला असेल, येईल. किर्की, १९२६. झालरीची टोपी घातलेलं वर्षाचं बाळ, विणलेले मोजे, उजवा मोजा जरा घसरलेला. बाळाच्या पोटावर बाईचा डावा हात, मनगटाच्या वर गोंदणाचे पाच ठिपके, चार चौकोनात आणि एक मध्ये. तसा फोटो दिसला तर पुठ्ठ्यामागे बघा, आणि मला कळवा.

आपली,
खडकीच्या एका आयाची पणती
पुणे